राज्य सगळ्यांवर यावे: प्राथमिक शाळांना खुले पत्र

प्रति,
मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य,
प्राथमिक शाळा, कोल्हार परिसर व अहिल्यानगर जिल्हा.

विषय: मुलांमधील आपापसांतला छळ कमी करण्यासाठी पारंपरिक खेळांना शाळेच्या दिनक्रमात जागा देण्याबाबत.

सन्माननीय गुरुजन आणि समिती सदस्य,



प्राथमिक शाळेतील मुलांमध्ये चालणारा आपापसांतला छळ हा जितका नित्याचा तितकाच दुर्लक्षित विषय आहे. तो मुख्यतः मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या मैदानावर घडतो, आणि ती वेळ व ती जागा या दोन्ही गोष्टी आपल्याच ताब्यात असूनही त्यांच्याकडे शिक्षणाचा भाग म्हणून पाहण्याची सवय बहुतेक शाळांची सुटली आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिले जात आहे. कोणा एका शाळेला किंवा शिक्षकाला दोषी ठरवणे हा त्याचा हेतू नाही. मराठी मुलांच्या पारंपरिक खेळांमध्ये दुबळ्याला सामावून घेण्याची, सत्ता फिरती ठेवण्याची आणि भांडण मिटवण्याची जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली, ती शाळांनी जाणीवपूर्वक पुन्हा वापरात आणावी, एवढेच या पत्राचे सांगणे आहे.

प्रथम ‘छळ’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण मुलांची प्रत्येक मारामारी म्हणजे छळ नव्हे. या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून स्वीडन आणि नॉर्वेमधील शाळांचा अभ्यास करून छळाची तीन लक्षणे सांगितली: तो हेतुपूर्वक केलेला असतो, तो पुन्हा पुन्हा घडतो, आणि करणारा व सोसणारा यांच्या बळात तफावत असते. बरोबरीची दोन मुले चेंडूवरून भांडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळली, तर तो छळ नाही. परंतु एकाच मुलाला रोज एकाच नावाने चिडवणे, त्याचा डबा पळवणे, त्याला खेळात न घेणे, किंवा सगळ्यांनी मिळून त्याच्याशी कट्टी धरणे आणि बट्टी होण्याची वाटच बंद करून टाकणे, हा छळ आहे, मग त्यात एकही चापट मारली गेलेली नसो. आपल्या भाषेत दादागिरी, खोड्या काढणे, चिडवणे, वाळीत टाकणे असे अनेक शब्द यासाठी वापरले जातात आणि ते निरनिराळ्या तीव्रतेचे असल्यामुळेच कदाचित मूळ दुखण्याचे गांभीर्य झाकले जाते.

कायद्याने या बाबतीत काहीच सांगितलेले नाही, असे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे, आणि कलम २९ ने बालकाला भय, मानसिक आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा अभ्यासक्रमाकडूनच केली आहे. मात्र कलम १७ चे उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई करण्याची तरतूद असल्यामुळे व्यवहारात ते मोठ्यांनी लहानांना दिलेल्या त्रासापुरतेच समजले जाते, आणि मुलांनी मुलांना दिलेला त्रास कायद्याच्या चौकटीत असूनही शाळेच्या नजरेआड राहतो. अलीकडच्या काळात तक्रारपेट्या लागल्या, सखी सावित्री समित्या नेमल्या गेल्या, अनेक ठिकाणी कॅमेरे बसले. हे सर्व आवश्यकच आहे. तरीही दुसरीतल्या ज्या मुलाला अजून नीट वाक्य लिहिता येत नाही तो तक्रारपेटीत चिठ्ठी टाकणार नाही, आणि खेळात कोणाला घेतले नाही हे कॅमेऱ्याला दिसणार नाही, कारण कॅमेऱ्यात एक मूल भिंतीला टेकून उभे असलेले दिसते, त्याला तेथे उभे का राहावे लागले हे दिसत नाही.

कोल्हार परिसरात या प्रश्नाला एक स्थानिक बाजूही आहे. प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसलेले आणि भगवतीमातेच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे हे गाव उसाच्या पट्ट्यात येते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी येथील शेतीचे रूप पालटले, आणि पुढे जवळच प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर ऊसतोडणी आली आणि तोडणीबरोबर पाथर्डी, बीड अशा कोरडवाहू भागांतून दर हंगामात येणारी कुटुंबे आली. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे येतात, कोप्यांमध्ये म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांमध्ये राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मध्यावर आलेल्या बालकालाही प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे यांपैकी काही मुले परिसरातील शाळांमध्ये बसतात. अर्धे वर्ष उलटल्यावर वर्गात येणारे, बोलीचा हेल वेगळा असणारे, अंगावरच्या कपड्यांवरून आणि पायांच्या भेगांवरून ओळखू येणारे, ज्याची कोणाशीही आधीची दोस्ती नाही असे मूल म्हणजे ओल्वेयस यांनी सांगितलेल्या बळाच्या तफावतीचे जिवंत उदाहरण होय. कायदा अशा मुलाला पटावर जागा देतो; मैदानावर जागा देणे मात्र शाळेच्याच हाती असते.

या पार्श्वभूमीवर आपल्यासमोर तीन तक्रारी आदरपूर्वक मांडणे भाग आहे.

पहिली तक्रार अशी की, छळाची कुणकुण लागली तरी ‘मुलांचे चालायचेच’ एवढ्या उत्तरावर तिची बोळवण केली जाते. मुलांचे भांडण चालायचेच हे खरे असले, तरी छळ चालायचाच हे खरे नाही. १९८३ मध्ये नॉर्वे सरकारने शाळांतील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम हाती घेतली, ती त्याआधी तीन मुलांनी छळामुळे आयुष्य संपवल्याचे पुढे आल्यानंतर. इतक्या मोठ्या किमतीची वाट पाहण्याची गरज कोणत्याही समाजाला पडू नये. शिवाय सोसणाऱ्या मुलाला ‘तूही एक ठेवून दे’ असा सल्ला दिला जातो, तेव्हा त्या मुलाला असे समजते की शाळेत न्याय मिळत नाही, तो ज्याच्या अंगात बळ आहे त्यानेच मिळवायचा असतो, आणि छळणारे मूल तरी याहून वेगळे काय समजून चाललेले असते?

दुसरी तक्रार खेळाच्या तासाबद्दल आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे आणि वर्गांना गरजेप्रमाणे खेळसाहित्य मिळावे असे म्हटले आहे, आणि बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ या नावाचे पुस्तक काढून खेळाला पाठ्यपुस्तकाचा दर्जाही दिला आहे. असे असताना वेळापत्रकातील खेळाचा तास हा राहिलेला अभ्यास भरून काढण्याची राखीव जागा म्हणून वापरला जातो, आणि शिष्यवृत्ती परीक्षा किंवा तपासणी जवळ आली की सर्वांत आधी त्याच तासावर गदा येते. त्याहून गंभीर बाब म्हणजे गृहपाठ न करणाऱ्या किंवा दंगा करणाऱ्या मुलाला खेळू न देण्याची शिक्षा. ज्या मुलाला इतरांबरोबर राहायला शिकण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ते शिकण्याच्या जागेवरून बाहेर काढणे हा उपचाराचा नव्हे, तर आजार वाढवण्याचा मार्ग आहे. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम खेळणे हा बालकाचा हक्क मानते. हक्क बक्षीस म्हणून दिला जात नाही आणि शिक्षा म्हणून काढूनही घेतला जात नाही.

तिसरी तक्रार अशी की, जेथे खेळाला महत्त्व आहे तेथे ते केवळ स्पर्धेपुरते आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ज्याचे नियम बांधले तो खो-खो आज जगभर पोहोचला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे महिला आणि पुरुष असे दोन्ही संघ जिंकले, आणि त्या दोन्ही संघांचे नेतृत्व प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु शाळेत खो-खो म्हणजे तालुका स्पर्धेसाठी निवडलेला संघ आणि उरलेली मुले म्हणजे टाळ्या वाजवणारे प्रेक्षक, अशी विभागणी पहिली-दुसरीपासूनच होत असेल, तर ज्या मुलाला खेळातून सर्वाधिक मिळवायचे होते ते कायमचे सीमारेषेबाहेर राहते. चपळांचा संघ निवडणे हे क्रीडा प्रशिक्षण झाले; सगळ्या वर्गाला खेळवणे हे शिक्षण, आणि प्राथमिक शाळेत दुसऱ्याचा मान पहिला असला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. पारंपरिक खेळांनी छळ कमी होऊ शकतो असे म्हणताना त्यामागे केवळ जुन्याविषयीची ओढ असेल, तर ते म्हणणे टिकणार नाही. मराठी मुलांचे खेळ जुने आहेत यात शंका नाही. तुकाराम महाराजांच्या गाथेत हुतूतू, विटीदांडू, टिपऱ्या, फुगडी, हमामा यांच्या रूपकांवर रचलेले अभंग आहेत, आणि बडोद्याहून मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त देशी खेळांची तपशीलवार नोंद आहे. परंतु या खेळांचे आजच्या शाळेला असलेले मोल त्यांच्या वयात नसून त्यांच्या रीतींमध्ये आहे. हे खेळ मोठ्यांच्या देखरेखीशिवाय, पंचांशिवाय, लहान-मोठ्या वयाच्या मिश्र घोळक्यात खेळले गेले, म्हणून ते मोडू नयेत यासाठी मुलांनाच न्यायाच्या युक्त्या शोधाव्या लागल्या. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून हेच दाखवले की, नियम हा वरून लादलेला नसून एकमेकांच्या संमतीने टिकणारा आणि बदलता येणारा असतो ही समज मुलांना बरोबरीच्या मुलांशी खेळताना येते. मराठी खेळांमधील अशा चार रीती येथे क्रमाने पाहण्यासारख्या आहेत.

पहिली रीत भिडू वाटण्याची. भिडू म्हणजे आपल्या बाजूचा गडी. लगोरी, आट्यापाट्या किंवा हुतूतू खेळण्याआधी दोन म्होरके ठरतात आणि उरलेली मुले साधारण सारख्या ताकदीच्या जोड्या करतात. प्रत्येक जोडी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून जरा लांब जाते, कानात कुजबुजून एकाचे नाव आंबा आणि दुसऱ्याचे पेरू असे काहीतरी ठरवते, परत येऊन म्होरक्यांना विचारते की आंबा हवा की पेरू, आणि म्होरक्या जे फळ मागेल तो गडी त्याच्या बाजूला जातो. या साध्या रीतीने दोन गोष्टी साधतात: दोन्ही बाजूंचे बळ आपोआप सारखे होते, आणि कोणालाही ‘शेवटी उरलेला’ व्हावे लागत नाही, कारण म्होरक्याने नकार दिला तो पेरूला, त्या मुलाला नव्हे. याउलट आज शारीरिक शिक्षणाच्या तासाला दोन कर्णधार एकेका मुलाचे नाव घेऊन संघ निवडतात, तेव्हा अखेरीस उरलेल्या मुलाला सर्व वर्गासमोर आपली किंमत कळते. रोज होणाऱ्या या लहानशा अपमानाची सोय शाळेनेच करून ठेवलेली असते, आणि ती एका दिवसात बंद करता येण्यासारखी आहे.

दुसरी रीत राज्याची. पकडापकडीत ज्याने इतरांना शिवायचे असते त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मराठी मुले म्हणतात, काही ठिकाणी यालाच ‘डाव’ म्हणतात. ते कोणावर येणार हे चकून, म्हणजे हाताचे तळवे उपडे-उताणे टाकून वेगळा पडणारा सुटत जातो त्या पद्धतीने ठरते, आणि शिवले गेले की ते दुसऱ्यावर जाते. येथे राज्य ही मिरवण्याची वस्तू नाही. ते ओझेही आहे आणि अधिकारही, आणि ते एकाकडे टिकत नाही हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. छळाची व्याख्या या भाषेत मांडायची तर छळ म्हणजे अडकून पडलेले राज्य होय: एकाकडे बळ कायमचे, दुसऱ्याकडे धावणे कायमचे. खेळातही हे घडू शकते, आणि हळू पळणाऱ्या मुलावरच राज्य ठेवून त्याला दमवण्यासाठी मुलांकडे ‘पिदवणे’ हा नेमका शब्द आहे. म्हणूनच शिक्षकाने लक्ष ठेवायचे ते येथे: कोणाला पिदवले जात असेल तर ठरावीक फेऱ्यांनंतर पुन्हा चकायचे, हा नियम मुलांकडूनच करून घ्यायचा. साखळीच्या खेळात तर पकडला गेलेला गडी बाद न होता पकडणाऱ्याचा हात धरतो आणि साखळी वाढत जाते, त्यामुळे हरलेल्याला बाजूला बसण्याची वेळच येत नाही.

तिसरी रीत लिंबूटिंबूची. वयाने लहान, नवख्या किंवा अशक्त मुलाला खेळात घ्यायचे, परंतु तो शिवला गेला तरी त्याच्यावर राज्य द्यायचे नाही, या सवलतीला कोठे लिंबूटिंबू, कोठे कच्चे लिंबू, तर कोठे दूधभात म्हणतात. सर्वांना समान नियम लावला तर दुबळा बाहेर पडतो, आणि दुबळ्यासाठी वेगळा खेळ मांडला तर तो एकटा पडतो; या पेचातून मुलांनी काढलेली ही वाट आहे आणि समावेशक शिक्षण हा शब्द शासकीय कागदांत येण्याच्या कितीतरी आधीची आहे. हंगामात नव्याने आलेल्या मुलाला पहिले काही दिवस असे संरक्षण मिळाले, तर खेळ समजून घेण्याआधीच हसे होण्याची त्याची भीती टळेल. मात्र लिंबूटिंबू ही पायरी आहे, ओळख नव्हे; ती चिडवण्याचे नाव बनू लागली तर त्या क्षणी शिक्षकाने हस्तक्षेप केला पाहिजे, आणि त्या मुलाला पक्का गडी केव्हा व्हायचे हे त्याच्या मर्जीवर सोडले पाहिजे.

चौथी आणि या विषयात सर्वांत महत्त्वाची रीत विषामृत या खेळात आहे. ज्याच्यावर राज्य असते त्याने शिवून ‘विष’ म्हटले की शिवला गेलेला गडी जागच्या जागी थिजतो. त्याला हलता येत नाही, पळता येत नाही आणि स्वतःची सुटकाही करून घेता येत नाही. सुटलेल्या गड्यांपैकी कोणीतरी धावत येऊन त्याला स्पर्श करून ‘अमृत’ म्हटले तरच तो मोकळा होतो, आणि तसे करायला येणाऱ्याला स्वतः पकडले जाण्याचा धोका पत्करावा लागतो. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की छळात केवळ दोन बाजू नसतात, तर छळणारा, त्याचा साथीदार, हसून चेव आणणारा, अलिप्त राहणारा, पाठीशी उभा राहणारा आणि सोसणारा अशा सहा भूमिका वर्गात वाटलेल्या असतात, आणि पाहणाऱ्यांची भूमिका बदलली तर छळणाऱ्याचा आधारच निघून जातो. त्याच विचारावर उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडच्या शाळांमध्ये देशभर राबवला गेला. थिजलेल्याकडे धाव घेण्याची जी सवय त्या कार्यक्रमात धड्यांतून आणि चर्चेतून लावली जाते, तिचा अंगवळणी पडणारा सराव विषामृतात दर मिनिटाला होतो. अर्थात खेळातील अमृत वर्गात आपोआप येत नाही. खेळ संपल्यावर पाच मिनिटे गोल बसून ‘आज तुला कोणी सोडवले, तू कोणाला सोडवलेस, थिजून उभे असताना काय वाटले’ एवढे तीन प्रश्न शिक्षकाने विचारले, तरच खेळातला अनुभव वागण्यात उतरण्याची शक्यता निर्माण होते.

खेळाच्या मैदानावर व्यवस्थित लक्ष दिल्याने फरक पडतो याला बाहेरूनही आधार आहे. अमेरिकेत ‘प्लेवर्क्स’ ही संस्था १९९६ पासून प्राथमिक शाळांच्या सुट्टीत प्रशिक्षित व्यक्ती नेमून सोपे, सर्वांना सामावणारे खेळ आणि भांडण मिटवण्याच्या साध्या युक्त्या रुजवते. त्या कामाची मॅथेमॅटिका ही संशोधन संस्था आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी २९ शाळांमध्ये तुलनात्मक पाहणी केली, तेव्हा कार्यक्रम असलेल्या शाळांतील शिक्षकांनी सुट्टीतला छळ आणि वगळण्याचे प्रकार कमी असल्याचे सांगितले. ही साक्ष शिक्षकांची आहे, म्हणून तिला मर्यादा आहेत, आणि परदेशातील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होईल असेही नाही. परंतु तेथे जे बाहेरून माणूस आणून शिकवावे लागले त्यातील बराचसा भाग कोल्हारच्या आजी-आजोबांना तोंडपाठ आहे, ही येथील जमेची बाजू विसरून चालणार नाही.

त्याचबरोबर जुने ते सारे चांगले, असा या पत्राचा आग्रह नाही. जुन्या गावातल्या खेळात कोणत्या आळीचे मूल कोणाला शिवेल यावर जातीचे पहारे होते, वयात येऊ लागलेल्या मुलींचे मैदान अंगणापुरते आक्रसत होते, आणि अपंग मुलाला पाहत बसण्याखेरीज दुसरी जागा नव्हती. काही खेळ तर छळाला निमित्त पुरवणारेच आहेत: आबाधोबीत एकाच मुलाच्या पाठीवर नेम धरून चेंडू मारला जातो, आणि आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेल्याला चिमटे काढले जातात. असे खेळ प्राथमिक वर्गात एकतर वगळावेत किंवा कापडाचा मऊ चेंडू, कमरेखालीच मारण्याचा नियम, शिक्षकाची उपस्थिती अशा अटींवरच खेळवावेत. तसेच गंभीर छळाच्या प्रकरणात, जेथे इजा, धमकी किंवा लैंगिक त्रास आहे, तेथे खेळ हा उपाय नाही. तेथे पालकांना बोलावणे, समितीपुढे विषय ठेवणे, गरज पडल्यास १०९८ या बालमदत क्रमांकाची मदत घेणे हीच शाळेची जबाबदारी आहे. खेळ करतो ते काम छळ रुजण्यापूर्वीचे असते.

या सर्व विवेचनाच्या आधारे आपल्याकडे पुढील विनंत्या करण्यात येत आहेत.

एक, २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू आहे. त्यातील निदान एक तास पारंपरिक खेळांसाठी ठेवावा आणि त्यात संपूर्ण वर्ग खेळेल, कोणीही प्रेक्षक राहणार नाही, हा नियम करावा.

दोन, जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला पंधरवडा आणि दिवाळीनंतर हंगामी मुले येऊ लागतात तो पंधरवडा, अशा दोन काळांतले खेळाचे तास खेळांतून ओळख वाढवण्यासाठी राखून ठेवावेत. या दुसऱ्या पंधरवड्यात नव्या मुलांना त्यांच्या गावाकडचा खेळ वर्गाला शिकवण्याची संधी द्यावी. विटीदांडूतील वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी जशी शेजारच्या दक्षिणी भाषांतून आली आणि मराठी मुलांनी ती आपली म्हणून स्वीकारली, तसे पाथर्डीकडून किंवा बीडकडून आलेले नवे नाव, नवी मोजणी, नवा नियम वर्गाने स्वीकारावा. ज्याच्याकडून खेळ शिकला त्याला खेळाबाहेर ठेवणे मुलांनाही अवघड जाते.

तीन, संघ पाडताना नाव पुकारून निवड करण्याची पद्धत बंद करून जोडीने भिडू वाटण्याची रीत वापरावी, आणि खेळू न देणे ही शिक्षा शाळेच्या व्यवहारातून कायमची काढून टाकावी.

चार, मधल्या सुट्टीत आळीपाळीने एका शिक्षकाने मैदानावर असावे, मात्र त्याची उपस्थिती पहारेकऱ्याची नसावी. त्याने प्रत्येक भांडणाचा निवाडा करू नये. मुलांना तो आपसांत करता येतो का हे आधी पाहावे, आणि कडेला रोज तेच मूल उभे दिसते का याची साध्या वहीत नोंद ठेवावी. आठवड्यात तीन वेळा एकच नाव आले, तर त्या मुलाशी एकांतात आणि मायेने बोलावे.

पाच, गावातील आजी-आजोबांना महिन्यातून एकदा शाळेत बोलावून सागरगोटे, काचापाणी, ठिकरी, लगोरी, आट्यापाट्या यांचे नियम त्यांच्याकडून शिकून घ्यावेत. यासाठी लागणारे साहित्य म्हणजे फुटकी कौले, सात चपटे दगड, चिंध्यांचा चेंडू, एक दोरी आणि रेषा मारायला चुन्याची फक्की. निधीअभावी हे अडले असे कोणत्याही शाळेला म्हणता येणार नाही.

सहा, सागरगोटे मुलींचे आणि विटीदांडू मुलांचा, अशी विभागणी शाळेने करू नये, आणि प्रत्येक खेळात अपंग मुलाचा सहभाग कसा होईल याचा विचार खेळ ठरवतानाच करावा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला लगोरी रचण्याची जागा देता येते, ऐकू न येणाऱ्या मुलासाठी विषामृतातले शब्द हाताच्या खुणांनी सांगता येतात.

सात, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून समितीच्या बैठकीत पटसंख्या आणि पोषण आहार यांच्याबरोबरच ‘मैदानावर कोण एकटे आहे’ हा विषयही कायमचा घ्यावा. आणि केंद्रप्रमुखांनी केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत, म्हणजे एका केंद्रातील शाळांच्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, कोणत्या शाळेत कोणता खेळ उपयोगी पडला याची देवाणघेवाण घडवून आणावी.

यातील एकाही विनंतीसाठी नवा शासन निर्णय लागत नाही, नवी इमारत लागत नाही आणि अभ्यासाचा एकही तास कमी करावा लागत नाही. जो वेळ आधीच खेळासाठी दिलेला आहे तो खेळाला परत द्यावा लागतो, एवढेच. आपल्यावर अशैक्षणिक कामांचा भार किती आहे, एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग कसे असतात, आणि मधली सुट्टी हीच आपली घोटभर पाणी पिण्याची वेळ असते, याची जाणीव ठेवूनच हे लिहिले आहे. तरीही कोपीतून चालत शाळेत आलेले मूल मैदानाच्या कडेला उभे असते, आणि आत विषामृत रंगलेले असते, तेव्हा त्याला आत बोलावणारा पहिला आवाज कोणाचा असावा, याचे उत्तर शिक्षकाचा असेच द्यावे लागते. दुसऱ्या दिवशी तोच आवाज वर्गातल्या एखाद्या मुलाचा असेल, आणि तसे घडले की शिक्षकाचे काम बऱ्याच अंशी झाले असे समजावे.

मराठी मुलांनी आपल्या खेळात राज्य कोणा एकाच्या मालकीचे ठेवले नाही, आणि ज्याला वेगाने पळता येत नाही त्यालाही खेळाबाहेर घालवले नाही. मुलांनी स्वतःच घडवलेली ही रीत शाळेने त्यांच्या हाती परत द्यावी, ही नम्र आणि कळकळीची विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
बालकांच्या खेळण्याच्या हक्काविषयी आस्था बाळगणारा
एक नागरिक
कोल्हार, ता. राहाता, जि. अहिल्यानगर